पंचबाईंचा कप

पंचबाई चहासुद्धा स्टॉपवॉच लावून करायच्या. नागपूरच्या नंदनवन वस्तीतल्या त्यांच्या घरी आधण ठेवलं की गळ्यातल्या काळ्या दोरीचं ते काट्याचं जुनं घड्याळ दाबायच्या, आणि चार मिनिटं होईपर्यंत समोर कोणी कितीही महत्त्वाचं बोलत असो, त्यांचा डोळा काट्यावर. एकदा मी म्हटलं, "मावशी, उकळी आली की झाला ना चहा." त्या म्हणाल्या, "उकळी गॅसच्या भरवशावर राहते गा. वेळ कोणाच्या भरवशावर नाही राहत." चहा मात्र दर खेपेला वेगळ्या चवीचा व्हायचा, कारण साखर त्या अंदाजानं टाकत.

त्या मुलींच्या शाळेत पीटीच्या बाई होत्या आणि त्याहून जास्त खो-खोच्या पंच होत्या. शाळेतून निवृत्त झाल्या, पंचगिरीतून कधीच नाही. समोरच्या खोलीच्या भिंतीवर जिंकलेल्या संघांचे फोटो होते. प्रत्येक फोटोत मधोमध कप, कपाभोवती दात काढून हसणाऱ्या पोरी, आणि अगदी कडेला, कधी अर्धा खांदा चौकटीबाहेर गेलेला, अशा पंचबाई. इतकी वर्षं कप वाटले, पण घरात एकही कप नव्हता. मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "पंचाले नारळ भेटते. त्याची चटणी करून टाकली." हे त्यांनी हसत सांगितलं, आणि मग त्या फोटोंवरची धूळ पदरानं पुसत बसल्या. ते पुसणं मला पुढे फार महागात पडलं.

आमचा त्यांच्याशी संबंध आला तो त्यांच्या भाच्यामुळे. हा प्रफुल्ल, रामदासपेठेतल्या एका लॅबमध्ये रक्त तपासतो. तो, मी, आमचा वकील मित्र सारंग आणि आणखी पाच जण, अशी आमची आठ जणांची फुटबॉल लीग होती. तिच्यात आमच्यापैकी कोणी पळत नसे. पळायचे ते तिकडे इंग्लंडातले खेळाडू. आम्ही नागपुरात बसून त्यांच्यातून आपापला मनातला संघ निवडायचो आणि मोबाइलवरच्या ॲपात भरायचो. आपल्या माणसानं गोल केला की आपल्याला गुण, आपल्या गोलकीपरनं गोल खाल्ला नाही की गुण, पिवळं कार्ड खाल्लं की गुण कमी. एकाला कर्णधार करायचं, त्याचे गुण दुप्पट. आणि कर्णधार त्या दिवशी मैदानात उतरलाच नाही, तर उपकर्णधाराचे दुप्पट. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं नव्हतं.

दुसऱ्या वर्षी प्रफुल्ल आणि सारंग यांची पहिल्या जागेवर बरोबरी झाली. बरोबरी झाल्यावर काय करायचं हे आम्ही ठरवलंच नव्हतं. प्रफुल्ल म्हणाला, ज्याच्या संघानं जास्त गोल केले तो जिंकला. योगायोगानं त्याच्याच संघानं केले होते. सारंग म्हणाला, ज्यानं जास्त आठवडे पहिला नंबर राखला तो जिंकला. त्यानंच राखला होता. मग नाणं उडवलं, तर ते चपलांच्या ढिगात पडलं आणि उभं राहिलं की नाही यावर नवा वाद निघाला. दोघं तीन आठवडे एकमेकांशी बोलले नाहीत. लहानपणापासूनचे मित्र, आणि ग्रुपवर एकमेकांचं नाव न घेता "काही लोक" असं लिहायला लागले.

शेवटी मी दोघांनाही प्रफुल्लच्या मावशीकडे बोलावलं, कारण तिथं आवाज चढवायची कोणाची टाप नव्हती. पंचबाई नुकत्याच विहारातून आल्या होत्या, पांढरं लुगडं तसंच. आमचं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बरोबरीचा नियम कुठं लिहिला आहे?" आम्ही एकमेकांकडे पाहिलं. "हंगाम सुरू व्हायच्या आधी नाही लिहिला?" त्यांचा चेहरा असा झाला की जणू आम्ही मैदान न आखता सामना खेळलो होतो. "पोट्टेहो," त्या म्हणाल्या, "बरोबरी झाल्यावर लिहिला तं तो नियम नाही राहत. तो निकाल होते." मग त्यांनी त्या वर्षीचा कप दोघांना सहा-सहा महिने ठेवायला दिला, आणि पुढच्या हंगामापासून लीगच्या पंच त्या स्वतः असतील असं सांगून टाकलं. आम्ही विनंतीही केली नव्हती.

कपाबद्दलही सांगायला हवं. गांधीबागेत माझं कापडाचं दुकान आहे, त्याच्या मागच्या गल्लीत एक शील्ड-कपवाला बसतो. पहिल्या वर्षी त्याच्याकडे फुटबॉलवाले कप संपले होते, म्हणून क्रिकेटवाला घेतला आणि वरच्या फलंदाजाची बॅट मोडून काढली. बॅट गेल्यावर तो पाय पुढे टाकून चेंडू लाथाडायला निघाल्यासारखा दिसतो. पुढे तीच पद्धत पडली. दर वर्षी नवा कप, दर वर्षी बॅट मोडायची, खाली विजेत्याच्या नावाची पट्टी, आणि कप ज्याचा त्याच्याकडे कायमचा.

पंचबाईंना फुटबॉल येत नव्हता. त्यांनी तो उलट्या बाजूनं शिकून घेतला, म्हणजे आधी नियम आणि मग खेळ. ऑफसाइड त्यांना माझ्याआधी कळला. गोल झाल्यावर सगळे एवढे का नाचतात हे शेवटपर्यंत कळलं नाही. एका लांब रजिस्टरात त्यांनी आमच्या लीगचे बावीस नियम लिहिले. ॲपावर त्यांचा विश्वास नव्हता. सामन्याच्या दिवशी दुपारी बारापर्यंत प्रत्येकानं आपला संघ त्यांनी पट्टीनं आखलेल्या कागदावर लिहून, सही करून द्यायचा. सारंगनं एकदा कुरकुर केली की ॲपावर सगळं दिसतं, कागद कशाला. "ॲपले सही करता येते का?" त्या म्हणाल्या. सारंगनं वकील असून मुकाट सही केली.

बरोबरीचा नियम त्यांनी खो-खोतून आणला. खो-खोत सामना बरोबरीत सुटला की लघुत्तम आक्रमण खेळतात. कमी वेळात जो गडी मारतो तो जिंकतो. मोबाइलच्या फुटबॉलमध्ये लघुत्तम काय, यावर त्यांनी दोन रविवार विचार केला. मग लिहिलं: गुण समान झाल्यास, संपूर्ण हंगामात ज्यानं संघात कमी बदल केले तो विजयी. "ज्यानं आपल्या पोट्ट्यांवर भरवसा ठेवला, त्याले फळ भेटलं पाह्यजे," असं त्यांचं त्यावरचं भाष्य. त्यातही बरोबरी झाली, तर ज्यानं शेवटच्या आठवड्यात कागद आधी दिला तो. त्यातही झाली तर दोघं विजयी. चिठ्ठी आणि नाणं या दोन गोष्टींवर त्यांनी लाल शाईनं बंदी घातली होती.

त्यांच्या दोन भाषा होत्या. एरवी त्या आमच्यासारखंच बोलायच्या. निकाल द्यायचा असला की पाठ ताठ करून शुद्ध पुस्तकी मराठीत यायच्या. मला एरवी अव्या म्हणत. "अविनाश, आपण आपला कागद बारा वाजून दोन मिनिटांनी सादर केला आहे," असं ऐकू आलं की समजायचं, आठवड्याचे गुण गेले. आणि निकाल देऊन झाला की पुढच्याच क्षणी, "मुरमुरे खाशील का गा?" रविवारी सकाळी आठ जण त्यांच्या व्हरांड्यात मुरमुरे-शेंगदाणे खात शिक्षा भोगायचो. पण एक खरं. त्या पंच झाल्यापासून आमच्यात एकही भांडण टिकलं नाही. प्रफुल्ल आणि सारंग पुन्हा एका गाडीवर फिरायला लागले.

अशी पाच वर्षं गेली. मग पंचबाईंचे गुडघे बोलायला लागले, आणि पुण्यात राहणारी त्यांची मुलगी जास्तच बोलायला लागली. मे संपला की घर बंद करून पुण्याला जायचं ठरलं. शेवटचा हंगाम होता. प्रफुल्लनं भीत भीत विचारलं, "मावशी, या वर्षी तू पण खेळून पाह्य ना." आम्हाला वाटलं, आता भाषा बदलणार. त्यांनी फोटोंच्या भिंतीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "पंच खेळते का कुठं?" मग एका फोटोवरची धूळ पदरानं पुसत, "तसं करता येईल म्हणा. नियम करा लागन."

नियम झाले. त्या वर्षापुरता पंच सारंग. आणि पंचबाईंना दुसऱ्यांचे संघ आधी दिसू नयेत म्हणून सगळे कागद बंद पाकिटातून सारंगकडे द्यायचे. ॲपात त्यांचा संघ प्रफुल्ल भरायचा, त्या ॲप उघडून बघायच्यासुद्धा नाहीत. त्यांचा संघ निवडायचा निकष असा होता, जो जगात दुसऱ्या कोणाचा नसेल: पंचाशी हुज्जत घालणारा खेळाडू घ्यायचा नाही. रोज सकाळी पेपरातलं खेळाचं पान पेन्सिल घेऊन वाचायच्या. कोणाला पिवळं कार्ड, कोण जखमी, कोणी पंचासमोर हात नाचवले, सगळ्याला खुणा. आमचे सगळ्यांचे लाडके स्ट्रायकर असे बाद झाले. त्यांच्या संघात उरले ते गरीब स्वभावाचे बचावपटू आणि कोणी नाव न ऐकलेले दोन-तीन शहाणे पोरगे. आम्ही खूप हसलो. डिसेंबरपर्यंत त्या तिसऱ्या होत्या. कार्ड नाही म्हणून गुण कापले जात नव्हते, आणि त्यांचे बचावपटू गोल खायला तयार नव्हते. आजारी पडलेल्यालाही त्या काढायच्या नाहीत. "ताप आला म्हणून वर्गातून नाव काढते का कोणी?" वर्षभरात त्यांनी पाच बदल केले. मी चाळीसच्या वर.

शेवटच्या आठवड्याच्या आधी मी पहिला होतो आणि पंचबाई दुसऱ्या, माझ्याहून आठ गुणांनी मागे. त्या आठवड्यात मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा भिंतीवरचे फोटो उतरवून वर्तमानपत्रात गुंडाळणं चाललं होतं. शोकेसमध्ये मधला कप्पा तेवढा रिकामा करून पुसून ठेवला होता. मी विचारलं, "हे काहून रिकामं ठेवलं मावशी?" त्या म्हणाल्या, "असंच." आणि लाजल्या. एवढ्या वर्षांत मी त्यांना लाजताना पाहिलं नव्हतं. घरी येईपर्यंत माझं ठरलं होतं. मावशींना कप मिळायलाच हवा. आणि तो माझ्या हातात होता.

मी काय केलं, तर नेहमीचा कर्णधार काढला आणि माझ्या संघातला एक असा खेळाडू कर्णधार केला, ज्याचा पाय दोन आठवड्यांपासून प्लास्टरमध्ये होता. तो खेळणार नाही, दुप्पट गुण शून्य, मी पडणार, मावशी वर. उपकर्णधाराच्या जागी कोणाचं तरी नाव घालावंच लागतं, म्हणून गोलकीपरचं घातलं. त्याची गाठ त्या दिवशी सगळ्यात तगड्या संघाशी होती, तो चार-पाच गोल तरी खाणार याची मला खात्री होती. सही केली, पाकीट चिकटवलं. फार मोठं काम केल्यासारखं वाटत होतं मला.

गोलकीपरनं एकही गोल खाल्ला नाही. वर एक पेनल्टी अडवली. वर्षभर ज्यानं मला चिल्लर गुण दिले, त्यानं एका संध्याकाळी बारा मिळवले, आणि कर्णधार घरी प्लास्टरमध्ये असल्यामुळे त्यांचे चोवीस झाले. सगळी बेरीज होऊन आली तेव्हा मी आणि पंचबाई, बरोबरी. मी डोक्याला हात लावून बसलो. मग आठवलं की बरोबरीचा नियम आहे. त्यांचे बदल पाच, माझे चाळीसच्या वर. जिंकल्या त्याच. मला एवढा आनंद माझ्या स्वतःच्या कपाला झाला नव्हता.

रविवारी सकाळी सगळे व्हरांड्यात जमलो. कप आणलेला होता, बॅट मोडलेली, पट्टीवर पंचबाईंचं नाव. सारंगनं नियम वाचला, बदल मोजले आणि त्यांना विजेती जाहीर केलं. प्रफुल्लनं टाळ्या सुरू केल्या. पंचबाई म्हणाल्या, "थांबा. सही करायच्या आधी मी दोन्ही कागद वाचत असते." आणि त्यांनी चष्मा लावला.

माझा कागद त्यांनी बराच वेळ वाचला. मग खालच्या फळीवरचा पेपरांचा गठ्ठा ओढला, एक पान काढलं, पेन्सिलीची खूण शोधली. पाठ ताठ झाली.

"अविनाश, आपल्या कर्णधाराचा पाय मोडून दोन आठवडे झाले आहेत. हे आपणांस ठाऊक होते काय?"

मी होय म्हणालो. खोटं बोलायचं माझ्या मनातही आलं नाही. पंचबाईंनी कागदाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं बेरीज सुरू केली. माझा नेहमीचा कर्णधार त्या दिवशी पेनल्टी चुकवून आला होता, त्याचे अवघे दोन गुण. ते दुप्पट केले. गोलकीपरचे एकेरी धरले. मग कागद माझ्यासमोर सरकवला, आणि आता आवाज पंचाचा नव्हता.

"पाह्य. तू सरळ खेळला असता तं मी दहा गुणांनी जिंकली असती."

शेंगदाण्यांचं ताट मधेच राहिलं होतं.

"मले जिंकायचं होतं गा अव्या. तू मले जिंकवाले काहून निघाला?"

मी त्यांच्यावर माया केली असं मला वाटत होतं, आणि त्या मायेत मी त्यांना कडेला अर्धा खांदा चौकटीबाहेर उभं केलं होतं.

पंचबाईंनी सारंगला सांगितलं की हा निकाल रद्द कर, कोणालाच कप नको. सारंगनं रजिस्टर उघडलं, बावीस नियम वरपासून खालपर्यंत वाचले. "मावशी, मुद्दाम हरू नये असा नियमच नाही लिहिलेला."

"मंग आता लिही."

"आता लिहिला तं तो नियम नाही राहत," सारंग हळूच म्हणाला. "तो निकाल होते."

पंचबाई त्याच्याकडे पाहत राहिल्या. मला वाटतं त्यांना राग आणि अभिमान एकदमच आला असावा. मग त्यांनी पेन उचललं आणि विजेतीच्या रकान्यात सही केली, कारण नियम तसा होता. कपाला मात्र हात लावला नाही. फोटो काढताना कप मधोमध स्टुलावर ठेवला, आम्ही भोवती, आणि त्या आपल्या कडेला जाऊन उभ्या राहिल्या.

जूनच्या पहिल्या आठवड्यात त्या पुण्याला गेल्या. सामान बांधायला मी होतोच. मला येऊ नको म्हणाल्या नाहीत. शोकेसचा मधला कप्पा रिकामाच होता. मी कप फडक्यात गुंडाळून नेला होता, तो पुढे केला. "राहू दे तुह्याचकडे," त्या म्हणाल्या, रागानं नाही. गाडीत बसताना रजिस्टर सारंगच्या हाती दिलं. शेवटच्या पानावर ताज्या शाईनं होतं: नियम तेविसावा. समोर कोणीही असो, पूर्ण ताकदीचा संघ उतरवावा. अंमल पुढील हंगामापासून.

कप माझ्या घरी टीव्हीच्या बाजूला आला. येणारा प्रत्येक जण पट्टी वाचायचा आणि विचारायचा, हे तुमच्या आईचं नाव का. मी कधी हो म्हणायचो, कधी सगळं सांगायचो. सगळं सांगितलं की लोक हसायचे, आणि मीही हसायचो, पण कपाकडे पाठ करून बसायचो.

पुढच्या हंगामात पंचबाई पुण्याहून खेळल्या. कागद सही करून, त्याचा फोटो काढून पाठवायच्या, बाराच्या आत. या वेळी कोणाचंच काही चमकलं नाही. शेवटच्या आठवड्याआधी मी पाचवा, त्या सहाव्या, अंतर एका गुणाचं. पाचव्या नंबराला कप नसतो, नारळही नसतो. त्याच सुमारास त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि त्या अंथरुणात पडून पेपरात खुणा करत होत्या, असं प्रफुल्ल सांगत होता. त्या दिवशी दुकानात गिऱ्हाइकाला कापडाचं थान उलगडून दाखवता दाखवता माझ्या मनात येऊन गेलं, की पडून असलेल्या बाईला पाचवा नंबर तरी मिळू दे. गिऱ्हाईक गेलं, तसा मी कागद काढला आणि माझा सगळ्यात चांगला कर्णधार लिहिला. उपकर्णधारही सगळ्यात चांगला. कर्णधारानं दोन गोल केले. मी त्यांना चौदा गुणांनी हरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानाचं शटर वर करतोय तोच फोन आला.

"अविनाश, आपला कर्णधार कोण होता?"

मी सांगितलं.

"आणि उपकर्णधार?"

तेही सांगितलं. पलीकडे पेपराची पानं उलटल्याचा आवाज आला. खूण तपासत असणार. शटर अर्ध्यावर धरून मी उभा होतो.

"हाव, बरोबर आहे," पंचबाई म्हणाल्या. "आता पाठव गा माहा कप."